निरगुडीचा पाला आणि शुक्रवारची गोळी

सलीमाचाचीने जिच्या हातात कधी बांगड्या भरल्या नाहीत, अशी बाई आमच्या धामणगाव बढे गावात शोधावीच लागेल. बाजारगल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. माझ्या मशीनच्या समोर, रस्ता ओलांडला की तिचा ओटा. मागे घर, पुढे ओटा, ओट्यावर लाकडी खोके आणि त्यांत रंगांप्रमाणे लावलेल्या काचेच्या बांगड्या. बायका माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकतात आणि कापडाचा एक तुकडा घेऊन समोर जातात. चाची तो तुकडा उजेडात धरते, एकदा बाईच्या पंजाकडे बघते आणि नेमक्या बांगड्या काढते. मग हात आपल्या मांडीवर घेते आणि भलतंच काहीतरी विचारते. सासूचा मोतीबिंदू काढला का, हरभरा किती उगवला. बाई सांगत असते आणि तेवढ्यात चाचीच्या अंगठ्याने तिचं हाड दाबलेलं असतं, बांगडी मनगटात गेलेली असते.

एखादी नवखी पोरगी हात ताठ करायची. तिला चाची म्हणायची, "हात सैल सोड व बेटा. आखडून धरलं का दुखते."

सईदचाचा, म्हणजे तिचे मालक, लोटगाडीवर बांगड्या घेऊन आसपासच्या आठवडी बाजारांना जात. उंच, जरा वाकलेला, हळू बोलणारा माणूस. बायकांच्या हाताला त्यांनी कधी हात लावला नाही. ते माल दाखवायचे, पारख चाचीची. मुलगा फहीम खामगावला तेलाच्या गिरणीत लागला होता आणि बायकोसकट तिकडेच राहायचा. घरात ही दोघं. आपसात ती उर्दूत बोलायची, पण भिंतीला भिंत लागून असल्यासारखी आम्ही राहिलो, त्यामुळे त्यांचं बोलणं मला आपल्याच भाषेत आठवतं.

चाचीची बोटं धरायला लागली ती एका हिवाळ्यात. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. चहाची कपबशी ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची, आणि मला वाटायचं थंडीमुळे ऊब घेते आहे. दुपारपर्यंत बोटं मोकळी होत, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. कपडे पिळायचे राहिले तर ओलेच दोरीवर टाकायची. डब्याचं झाकण निघेना तर सईदचाचा घरी येईपर्यंत थांबायची, आणि त्यांना म्हणायची, "तुम्हीच घट्ट लावून ठेवता."

तो तिचा लपवालपवीचा खेळ उघडा पडला तो योगिनीच्या चुड्याच्या दिवशी.

योगिनी म्हणजे तानुबाईची नात. तानुबाईचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते. सत्तरी जवळ आलेली, अंगाने लहानखुरी, बोलायला खणखणीत. तिच्या सुनांचे चुडे चाचीने भरले होते, मुलींचेही भरले होते. आता नातीचा. मांडवात पाट टाकला, योगिनी बसली, बाया भोवती दाटीने बसल्या. चाचीने बिस्मिल्ला म्हणून पहिली हिरवी बांगडी चढवली. दुसरी चढवली. पुढच्या एका बांगडीला तिचा अंगठा निसटला. काच तडकली आणि टोक योगिनीच्या मनगटात घुसलं. रक्ताचा एक थेंब हळदीच्या हातावरून खाली ओघळला.

लग्नाच्या चुड्यात असं होणं कोणाला आवडेल? चाचीचा चेहरा पांढराफटक पडला. योगिनीची आत्या काहीतरी म्हणायला तोंड उघडत होती, तेवढ्यात तानुबाईने हळदीची चिमूट त्या ओरखड्यावर दाबली.

"एक वाढली," ती म्हणाली. "वाढते एखादी. दुसरी काढ सलीमा."

चाचीने दुसरी काढली. पण बांगडी पंजाच्या मध्येच अडली आणि तिला दाबच देता येईना. तानुबाईने वाकून तिचाच हात आपल्या हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. पेरांवर सूज होती, मधल्या दोन बोटांची पेरं तर बोरांसारखी फुगलेली.

"हे कवापासून व?"

"थंडीनं झालं असंन."

"थंडी? उन्हाळा लागला माय." तानुबाईने पाटाजवळ एक स्टूल ओढलं आणि त्यावर टेकली. "तू सांग कसं कसं दाबाचं. मी भरतो."

असा तो चुडा भरला गेला. चाची सांगत होती, अंगठा आत मुडप, करंगळीकडून घे, आता जरा फिरव. तानुबाई भरत होती. योगिनी घाबरायची सोडून हसायला लागली होती, कारण आजीच्या हाताला चाचीची सफाई नव्हती आणि प्रत्येक बांगडीला आजी "गेली का, गेली का" विचारत होती. निघताना तानुबाईने चाचीच्या ओटीत इतर सुवासिनींना दिलं तेच सगळं घातलं, वर एक नारळ जास्त.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत तानुबाई निरगुडीच्या फांद्या घेऊन ओट्यावर हजर. मळ्याच्या बांधावर तिची निरगुडी आहे. पाला पातेल्यात उकळला, चाचीचे हात वाफेवर धरायला लावले, वर टॉवेल टाकला. मग गरम पाल्याचा लगदा एरंडेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांना बांधला. चाची खांद्यापासून ताठ झाली होती.

"हात सैल सोड ना व," तानुबाई म्हणाली. "लोकाइले सांगतं अन् सोताच आखडून बसली."

चाचीला हसू आलं. मला समोरून दिसलं. बऱ्याच दिवसांनी दिसलं.

मग गावभर झालं. चाचीकडे कोणाचा हात गेला नव्हता? जिला जे ठाऊक ते ती घेऊन आली. कोणी मेथीचे लाडू आणले, कोणी डिंकाचे. गल्लीतल्या उत्तमरावांच्या घरून लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल आलं. ते चोळलं की सगळ्या ओट्याला लसणाच्या फोडणीचा वास सुटायचा आणि गिऱ्हाइकं विचारायची, आज काय केलं जेवायला? कोणी ओवा आणि जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला शिकवलं. हळदीचं दूध तर दोन घरांतून यायचं. एकीने सांगितलं तांब्याची तार बांध, ती चाचीने बांधली. एकीने सांगितलं मधमाशी चावून घे, तेवढं मात्र ऐकलं नाही.

तिने कोणालाच नाही म्हटलं नाही. कोणी विचारलं की सांगायची, "बरं वाटते." मी एकदा तिला म्हटलं, चाची, खरंच बरं वाटतं का? ती म्हणाली, "शेकलं का घडीभर बोटं सुटतात रुपाली. तेलानं बी बरं वाटते. दुपारी पुन्हा तेच. पन ती बाई इतक्या लांबून लाडू घेऊन आली, तिले काय सांगू?"

गावातल्या दवाखान्यातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. गोळी होती तोवर दुखणं दबून राहायचं. आता मनगटंही धरायला लागली होती, आणि पायांची बोटं. चाची ओट्यावर उशिरा येऊ लागली. काही दिवस आलीच नाही.

सईदचाचांना हे बघवेना. ते बोलून दाखवणारे नव्हते. पण बाजाराला निघताना गाडीला हात लावून उभेच राहायचे, पुन्हा आत जायचे, पुन्हा बाहेर यायचे. एका बाजाराच्या गावी त्यांना एक औषधवाला भेटला. पाल ठोकून बसलेला, समोर मुळ्या मांडलेल्या, मागे मोठाले फोटो. सगळं जडीबुटीचं, शंभर टक्के गावठी, म्हणाला. सईदचाचांनी चाचीच्या हातांचं वर्णन केलं. त्याने राखाडी भुकटीच्या पुड्या दिल्या. मधात कालवून सकाळ-संध्याकाळ.

त्या पुड्यांनी जादू केली. हा शब्द मी उगाच वापरत नाही. आठवडा जायच्या आत चाची सकाळी उठून अंगण झाडताना दिसली. मूठ वळत होती. झाकणं निघत होती. तिने स्वतः फहीमला फोन करून सांगितलं, तुझ्या अब्बांनी मला बरं केलं. सईदचाचा त्या दिवसांत गाडी ढकलताना काहीतरी गुणगुणायचे. श्रावण आला, बायकांची रीघ लागली, आणि चाचीने पूर्वीसारखी मांडीवर हात घेऊन सगळ्या आळीला हिरव्या बांगड्या भरल्या. तानुबाई निरगुडी घेऊन आली तर चाची म्हणाली, "आता कायले तकलीफ घेता बाई? मी बरी हाय." तानुबाईने पाला तसाच शेळीला टाकला. पण खूश होऊन गेली.

चाचीला भूक खूप लागायची. अंगावर मांस चढलं. चेहरा गोल झाला, गाल भरले, आणि सगळे म्हणायचे तब्येत सुधारली. झोप मात्र लागत नव्हती आणि तहान भागत नव्हती, असं ती सांगायची. त्याचा आणि पुडीचा संबंध लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास तो औषधवाला बाजारात दिसेना. सईदचाचा पुढच्या बाजारी गेले, त्याच्या पुढच्या गेले. पालाची जागा मोकळी. पुड्या संपल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी मी दुकानाची फळी काढत होते आणि सईदचाचा रस्ता ओलांडून आले. "बेटा, जरा घरात येतेस का? ती उठत नाही."

चाची गादीवर पडून होती. गुडघे, खांदे, मनगटं, सगळं एकदम सुजलं होतं. कूस बदलायला जमत नव्हतं. पोटात काही ठरत नव्हतं, डोळे खोल गेले होते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "पंखा बंद कर. हवा लागली तरी दुखते." त्या वाक्याने मी घाबरले. चाचीने आजवर आपल्याला दुखतं असं कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

गल्लीतल्याच एकाची गाडी काढली. मागच्या सीटवर तिला आडवी केली, डोकं माझ्या मांडीवर. मोताळा मागे टाकून राजूरचा घाट चढताना प्रत्येक वळणाला ती डोळे मिटून घ्यायची. सईदचाचा पुढे बसले होते आणि सारखे मागे वळून बघत होते. ड्रायव्हरला ते फक्त एवढंच म्हणत होते, "आहिस्ता भाऊ."

बुलढाण्याला दवाखान्यात तिला भरती करून घेतलं. सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. डॉक्टर मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी चाचीच्या बोटांकडे पाहिलं, गोल झालेल्या गालांकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, कसलं औषध घेत होतात?"

सईदचाचांनी खिशातून पुडीचा रिकामा कागद काढून दिला. त्यांनी तो जपून ठेवला होता, पुन्हा तेच औषध ओळखून घेता यावं म्हणून. मॅडमनी कागद उलटसुलट केला.

"यात काय होतं हे तपासल्याशिवाय मी शपथेवर सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण सूज एकदम उतरली, भूक वाढली, चेहरा सुजला, साखर वाढली, आणि बंद केल्यावर ही अवस्था. यात स्टेरॉईड मिसळलेलं असणार. ते आम्हीही कधीकधी देतो, पण मोजून आणि हळूहळू कमी करत. असं अचानक तुटलं तर जिवावर बेततं. वेळेवर आणलंत."

सईदचाचा कॉटच्या दांडीला धरून उभे होते. "मीच द्यायचो," ते म्हणाले. "मधात कालवून. माझ्या हाताने."

"तुम्हाला काय माहीत, काका."

"माझ्या हाताने," ते पुन्हा म्हणाले, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

चाची त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "जा, त्यांच्यापाशी बस. त्यांनी सकाळपासून पाणी नाही प्यालं."

पुढच्या दिवसांत मॅडमनी तिला नीट समजावलं. हा नुसता वयाचा वात नाही. शरीरच आपल्या सांध्यांवर उलटतं, असा संधिवात. मुळातून जाणार नाही, पण आवरता येतो. त्यासाठी एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घ्यायची नाही, चुकूनही नाही, आणि अधूनमधून रक्त तपासायचं. गुण यायला दीड-दोन महिने लागतील, तोवर धीर धरायचा. आणि पुडीतलं ते स्टेरॉईड आता मॅडम मोजून देतील, ते हळूहळू उतरवत आणायचं.

"कोणता वार ठरवू?" मॅडमनी विचारलं.

"शुक्रवार," सईदचाचा दारातून म्हणाले. "जुम्म्याच्या नमाजाहून आलो का मी देईन."

मग चाचीने अडखळत विचारलं, "मॅडम, मंग निरगुडी बी बंद का? अन् तेल? गावातल्या बाया लई मायेनं देतात."

मॅडम हसल्या. "शेकायला कोण नाही म्हणतं? सकाळी कोमट पाण्यात हात बुडवा, पाल्याने शेका, हलक्या हाताने तेल लावा, हळद-मेथी जेवणात खा. सांधा लाल होऊन तापलेला असेल त्या दिवशी मात्र गरम नको, ओलं थंड फडकं ठेवा. आणि ज्याच्यात काय आहे ते देणाऱ्याला सांगता येत नाही, ते पोटात घ्यायचं नाही. एवढंच."

घरी आल्यावरचे दोन महिने वाईट गेले. पुडीने दाबून ठेवलेलं सगळं वर आलं होतं आणि गोळीचा गुण अजून यायचा होता. चाचीने ओट्याकडचं दार लावून घ्यायला सांगितलं. गिऱ्हाईक आलं तर सईदचाचा म्हणत, आराम चालू आहे. खोक्यांवर चादर टाकली. एकदा तिने मला सांगितलं, हा माल कोण्या बांगडीवाल्या मणियाराला देऊन टाका म्हणते मी यांना, पण ऐकत नाहीत.

त्याच दिवसांतली एक सकाळ. मी भाकरी घेऊन मागच्या दाराने गेले तर अंगणात चाची पाटावर बसलेली, आणि सईदचाचा तिच्या मागे खाटेवर. तिचे हात खांद्यावर जात नव्हते, त्यामुळे कितीतरी दिवस केसांना फणी लागली नव्हती. ते विंचरत होते. गुंता आला की केसांचं मूळ एका हाताने धरून ठेवायचे, ओढ लागू नये म्हणून. मग वेणी घालायला लागले. तीन पेड धरले आणि अडले.

"डावा कोणावर जातो?" त्यांनी विचारलं.

"मधल्यावर. मग उजवा मधल्यावर."

"मधला आता कोणता झाला?"

चाची हसता हसता रडायला लागली. त्यांनी पेड सोडले नाहीत. हळू म्हणाले, "दुखतंय का? ओढला का मी?"

"नाही," ती म्हणाली. "घाला तुम्ही."

मी भाकरी चुलीपाशी ठेवून परत फिरले. त्यानंतर त्यांची वेणी दिवसेंदिवस सुधारत गेली.

तानुबाईचं येणं या सगळ्यात थांबलं नव्हतं. पाला बंद करायचा नाही असं मॅडमनी सांगितल्याचं कळल्यावर तिला मोठं समाधान झालं. ती यायची, शेकायची, मळ्यातल्या गोष्टी सांगायची. पुडीबद्दल तिने सईदचाचांना कधी शब्द ऐकवला नाही. एकदाच म्हणाली, "सईदभाऊ, माह्या हाती लागली असती तर म्या बी देल्ली असती तिले." ते ऐकून सईदचाचांनी पुष्कळ दिवसांनी तिच्यासमोर बसून चहा घेतला.

गोळीचा गुण हळू आला. कधी आला ते नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस चाचीने कपाचा कान धरून कप उचलला. एक दिवस स्वतः ओढणी सावरली. सकाळचं आखडणं दुपारवरून न्याहारीच्या वेळेपर्यंत मागे आलं. दोन बोटं मात्र वाकडी झाली ती झालीच.

बसून राहण्याच्या त्या दिवसांत तिची नजर इतर गोष्टींवर पडायला लागली. तिने मला एकदा विचारलं, "तानुबाई खाली कधीच बसत नाही, ध्यानात आलं का तुझ्या?" माझ्या नव्हतं आलं. पण मग मीही बघितलं. ती ओट्याच्या कडेलाच टेकायची. उठताना हात खोक्यावर दाबायची, चेहरा दुसरीकडे करायची आणि उभी राहिल्यावर जरा वेळ तशीच थांबायची.

दुसऱ्या दिवशी चाचीने हात शेकून घेतले, फडकं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुमाले इतकं सगळं कुठून ठाऊक? पाला किती उकळाचा, तेल कोनतं, कवा बांधाचं."

"ठाऊक हाय जुनं."

"कोनावर केलं?"

तानुबाईने फडकं उचलून पिळायला घेतलं.

"गुडघे कवापासून दुखून राह्यले?"

तानुबाई रस्त्याकडे बघत राहिली. माझ्या मशीनचा आवाज थांबला होता, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. "योगिनीच्या बापाच्या लग्नापासून," ती म्हणाली. "तवा कुठं वेळ होता व. अन् सांगून काय करतील घरचे? पोरं म्हनतील मळ्यात जाऊ नको. मंग म्या दिसभर घरात करू काय?" तिने लुगड्याच्या ओच्यातून एक गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. किराणा दुकानात मिळते ती, दुखण्याची. "पाल्यानं भागलं नाही का हे खातो एखादी. कोनाले सांगू नको."

चाचीने ती पट्टी हातात घेतली. वाकड्या बोटांनी धरायला तिला वेळ लागला. "येत्या खेपेले मले बुलढान्याले दाखवाले जाचं हाय," ती म्हणाली. "एकटीले बसमधी भेव वाटते. तुमी चाला संगं."

"सईदभाऊ हायेत ना?"

"त्यांचा बाजार असते त्या दिवशी."

बाजार नव्हता त्या दिवशी, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. तानुबाई म्हणाली, "बरं, येतो मंग."

सईदचाचांनीच त्यांना एसटीत बसवून दिलं. दोघींना खिडकीकडची जागा पाहिजे होती, शेवटी तानुबाईला मिळाली. मॅडमनी चाचीचं रक्त पाहिलं, आणि चाचीने लगेच आपली खुर्ची सोडून तानुबाईला तीवर बसवलं. तिच्या गुडघ्यांची झीज झाली होती, वयाची आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून निंदण्याची. किराण्यातल्या गोळ्या बंद, त्या मूत्रपिंडावर जातात. तपासणी चांगली निघाली, ते नशीब. बाकी व्यायाम, काठी, उंच बैठक, लागेल तेव्हा सांगितलेलीच गोळी, आणि शेक पाहिजे तेवढा. मळा बंद करा असं मॅडम म्हणाल्या नाहीत. स्टुलावर बसून तोडता येईल तेवढं तोडा म्हणाल्या. तानुबाईने ते वाक्य घरी येऊन मुलांना दोनदा ऐकवलं.

चाचीचा ओटा आता पुन्हा उघडा असतो, पण उन्हं चांगली वर आल्यावर. घट्ट मापाच्या बांगड्या ती भरत नाही. अडलं तर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवते, तिच्यावरून बांगडी सरकन उतरते आणि मग पिशवी ओढून काढते. पूर्वी असल्या युक्त्यांना ती कमीपणा मानायची. बायकांना घाई नसते. हात मांडीवर देऊन बसतात, आपलंही काही सांगतात. कोणाची कंबर, कोणाचा खांदा. चाची ऐकून घेते. तेल सांगते, शेक सांगते, आणि पुडी घेते म्हणणारीला आपला हात दाखवते.

परवा सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा दोघी कोवळ्या उन्हात होत्या. चाचीचे हात कोमट पाण्याच्या घमेल्यात. तानुबाई खाटेवर पाय पसरून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे ती दाबून धरत होती आणि सोडत होती. सईदचाचा चहा गाळत होते.

मी विचारलं, "चाची, आज कसं आहे?"

"आज जास्त हाय," ती म्हणाली. "काल कमी होतं."

"मग आज ओटा नाही उघडायचा?"

"उघडू ना दुपारी." तिने पाण्यातला हात हळूच उलटा केला. "सध्या बसली हाय. ये, तू बी बस घडीभर, चहा झाला."

तानुबाईने पाय जरा आखडून मला खाटेवर जागा करून दिली.